निवासी संस्थांतील निगा आणि सुरक्षितता : मानकांची कसोटी

१. प्रश्नाचे स्वरूप

वृद्धाश्रम, बालगृह, मनोरुग्णांचे निवासगृह, अपंगांचे वसतिगृह आणि दीर्घकाळ शुश्रूषेची गरज असलेल्यांचे परिचर्यागृह या संस्थांचे हेतू परस्परांहून भिन्न आहेत. तथापि एका बाबतीत त्या सर्व एकाच वर्गात मोडतात. त्यांत राहणारी व्यक्ती आपले अन्न, झोप, स्नान, औषध आणि सोबत या सर्व गोष्टींसाठी दुसऱ्यावर अवलंबून असते. आणि या सर्व गोष्टी बहुधा एकाच व्यवस्थेच्या हाती असतात. शाळेतील विद्यार्थी सायंकाळी घरी जातो, रुग्णालयातील रोगी काही दिवसांनी घरी जातो. तेथे जे घडले ते सांगण्यासाठी त्यांना संस्थेबाहेरचे माणूस मिळते. निवासी संस्थेतील रहिवाशाला ते मिळेलच असे नाही. त्याचे घरच संस्थेच्या आत असते. आणि ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे करायचे, त्याच्याच हातून त्याला रात्रीचे जेवण घ्यायचे असते.

ही विषमता लक्षात घेतली, म्हणजे अशा संस्थांसाठी राज्याने किमान मानके का ठरवावीत याचे वेगळे समर्थन करण्याची गरज उरत नाही. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. मानके लिहिलेली असूनही संस्थेत अनर्थ घडतो, तो का? प्रस्तुत लेखात इंग्लंड, स्कॉटलंड, अमेरिका आणि भारत या देशांतील काही नोंदलेल्या घटनांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. त्यातून एक सूत्र हाती येते. निवासी संस्थेतील धोके दोन प्रकारचे असतात. काही धोके रहिवाशाला कळू शकत नाहीत. ते जाणकार तज्ज्ञालाच दिसतात. काही धोके केवळ रहिवाशालाच ठाऊक असतात. ते कोणत्याही तज्ज्ञाला बाहेरून दिसत नाहीत. पहिल्यासाठी तज्ज्ञाची साक्ष लागते, दुसऱ्यासाठी रहिवाशाची. संस्थेची नोंदवही ही या दोहोंपैकी एकाही साक्षीची जागा घेऊ शकत नाही. आणि तपासणीच्या बहुतेक पद्धती मात्र तिच्यावरच विसंबून राहिलेल्या आढळतात.

२. मानक म्हणजे काय?

आरोग्यसेवेची गुणवत्ता कशी मोजावी याची सुसूत्र मांडणी अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात केली. गुणवत्तेचा पुरावा तीन ठिकाणी शोधता येतो, असे त्यांचे प्रतिपादन होते : रचना, प्रक्रिया आणि फलित. ही मांडणी वैद्यकीय सेवेसाठी असली, तरी निवासी संस्थांच्या मानकांचे वर्गीकरण करण्यास ती तितकीच उपयुक्त आहे.

रचनाविषयक मानके संस्थेजवळ काय आहे ते पाहतात : खोलीचे क्षेत्रफळ, खाटांमधील अंतर, शौचालयांची संख्या, पाण्याचा पुरवठा, जिन्याची रुंदी, परिचारकांची संख्या व त्यांचे प्रशिक्षण. प्रक्रियाविषयक मानके संस्था काय करते ते पाहतात : औषध वेळेवर दिले जाते काय, नव्या रहिवाशाची प्रकृती तपासली जाते काय, भेटीस येणाऱ्यांना प्रवेश मिळतो काय. फलितविषयक मानके या सर्वांचा रहिवाशावर काय परिणाम झाला ते पाहतात : त्याचे वजन घटले काय, तो पडून जखमी झाला काय, त्याची चालण्याफिरण्याची शक्ती टिकून राहिली काय.

यांपैकी रचना मोजणे सर्वांत सोपे, म्हणून नियमांत तिचाच भरणा अधिक असतो. खोलीचे माप फीत लावून घेता येते आणि त्याविषयी वाद उद्भवत नाही. परंतु प्रशस्त खोलीतही माणूस उपाशी राहू शकतो. प्रक्रिया मोजणे त्याहून कठीण, कारण ती सतत घडत असते आणि निरीक्षक सतत हजर नसतो. त्यामुळे तो प्रक्रियेऐवजी तिची लेखी नोंद पाहतो. फलित मोजणे सर्वांत कठीण. रुग्णालयात रोगी बरा होणे हे फलित होय. वृद्धाश्रमात मृत्यू ही अटळ घटना असते, आणि ती स्वतः संस्थेच्या अपयशाचा पुरावा होऊ शकत नाही.

एका उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही अशा अंथरुणास खिळलेल्या माणसाची कूस ठराविक वेळाने इतरांनी बदलावी लागते. तसे न केल्यास हाडांच्या उंचवट्यांवरील त्वचेचा रक्तपुरवठा दाबामुळे खुंटतो आणि तेथे शय्याव्रण होते. पुरेसे परिचारक असणे ही येथे रचना, कूस बदलणे ही प्रक्रिया आणि त्वचा अभंग राहणे हे फलित होय. रात्री दोन वाजता कूस बदलल्याची नोंद सकाळी बसून लिहिता येते. परंतु माकडहाडावरील जखम त्या नोंदीला दुजोरा देत नाही. याचा अर्थ प्रत्येक शय्याव्रण हा हेळसांडीचाच पुरावा असतो असा नव्हे; अतिक्षीण देहात सर्व काळजी घेऊनही ते होऊ शकते. परंतु अशी जखम दिसताच नोंदवहीवर विसंबून न राहता पुढची चौकशी करणे निरीक्षकास क्रमप्राप्त ठरते.

३. वर्कहाउस ते वृद्धनिवास : इंग्लंडचा अनुभव

इंग्लंडमधील १८३४ च्या सुधारित दरिद्री-साहाय्य कायद्याने 'वर्कहाउस' या संस्थेस देशव्यापी रूप दिले. तिच्या मुळाशी एक स्पष्ट तत्त्व होते : वर्कहाउसमधील जीवन हे बाहेरील गरिबातल्या गरीब मजुराच्या जीवनापेक्षा कमी आकर्षक असावे, म्हणजे खरोखर निराधार असेल तोच आत येईल. हेही एका अर्थी मानकच होते. मात्र ते संस्थेने ज्याच्या खाली जाऊ नये असे नसून, ज्याच्या वर जाऊ नये असे होते. आहाराचे तक्तेही मध्यवर्ती यंत्रणेने ठरवून दिलेले असत. तरीदेखील १८४५ साली अँडोव्हर येथील वर्कहाउसमधील भुकेले रहिवासी खतासाठी कुटण्यास दिलेल्या हाडांतील मगज खात असल्याचे उघडकीस आले. तक्त्यातील अन्न ताटापर्यंत पोहोचत नव्हते. पार्लमेंटच्या समितीने या प्रकरणाची चौकशी केली आणि पुढे १८४७ साली दरिद्री-साहाय्याची मध्यवर्ती यंत्रणाच बदलण्यात आली.

शंभर वर्षांनंतर, १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने ही जुनी व्यवस्था अधिकृतपणे संपुष्टात आणली. वृद्ध व दुर्बल व्यक्तींना निवास देणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले; खासगी व धर्मादाय गृहांची नोंदणी व तपासणी यांचीही तरतूद झाली. रहिवासी आणि व्यवस्थापक यांचे नाते याचक आणि अधिकारी असे न राहता हॉटेलातील पाहुणा आणि चालक यांच्यासारखे व्हावे, अशी मंत्री अन्यूरिन बेव्हन यांची कल्पना होती. पंचवीस-तीस जणांची लहान गृहे त्यांना अभिप्रेत होती.

कायदा बदलल्याने संस्था किती बदलली, हे समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी प्रत्यक्ष जाऊन पाहिले. इंग्लंड व वेल्समधील १७३ संस्थांना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी भेटी दिल्या. त्यावर आधारलेला त्यांचा ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध झाला. जुन्या वर्कहाउसच्या इमारती वृद्धनिवास म्हणून अद्याप मोठ्या प्रमाणावर वापरात होत्या. परंतु टाउनसेंड यांचे महत्त्वाचे निरीक्षण इमारतींपुरते मर्यादित नव्हते. त्यांनी नव्याने दाखल झालेल्या वृद्धांना त्यांच्या जीवनाविषयी विचारले. खासगीपणाचा अभाव, स्वतःच्या वस्तूंपासून झालेली ताटातूट, आप्तेष्टांपासूनचा दुरावा, हाताला काम नसणे आणि एकाच दालनात बसूनही परस्परांशी न बोलणे या गोष्टी कोणत्याही तपासणीपत्रकात नव्हत्या. त्या रहिवाशांशी बोलल्यामुळे समोर आल्या.

याच सुमारास, १९६१ साली, अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांचा वॉशिंग्टन येथील मनोरुग्णालयातील क्षेत्रकार्यावर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या संस्थेत झोपणे, काम करणे आणि विरंगुळा या तिन्ही गोष्टी एकाच छताखाली व एकाच अधिकाराखाली घडतात, तिला त्यांनी सर्वंकष संस्था असे संबोधिले. अशा संस्थेत प्रवेश करतानाच व्यक्तीचे कपडे, वस्तू, केस आणि कित्येकदा नावही तिच्यापासून काढून घेतले जाते, आणि तिचे सारे वेळापत्रक संस्थेच्या सोयीने ठरते. गॉफमन यांच्या विवेचनाचा मानकांच्या दृष्टीने निष्कर्ष असा की, हेळसांड ही नेहमीच दुष्ट व्यक्तींमुळे घडते असे नाही. अनेकांचे काम थोड्यांनी उरकण्याच्या रीतीतूनच ती जन्म घेते.

४. बंधन आणि सुरक्षितता

निगा आणि सुरक्षितता हे शब्द सामान्यतः जोडीने उच्चारले जातात; परंतु व्यवहारात त्यांच्यात विरोध असल्याचे भासते. फिरू दिलेला वृद्ध पडू शकतो, मोकळा सोडलेला मनोरुग्ण निघून जाऊ शकतो. सबब त्यास बांधून ठेवावे, असा युक्तिवाद सर्व काळी व सर्व देशांत केला गेला आहे. या युक्तिवादाची किंमत किती भयंकर असू शकते, हे भारतात २००१ साली दिसून आले.

तमिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी येथे एक प्रसिद्ध दर्गा आहे. मनोरुग्ण तेथे बरे होतात या श्रद्धेने दूरदूरचे लोक आपल्या आप्तांना तेथे आणीत. त्यांच्या निवासासाठी आसपास खासगी गृहे उभी राहिली होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे त्यांपैकी एका गृहाच्या शाकारलेल्या झोपडीला आग लागली. रहिवासी साखळ्यांनी जखडलेले होते. त्यांना पळता आले नाही. त्यांपैकी २८ जण मृत्युमुखी पडले. मनोरुग्णांच्या निवासी संस्थेस परवाना आवश्यक करणारा १९८७ चा कायदा त्या वेळी देशात लागू होता. परंतु हे गृह विनापरवाना चालत होते. वृत्तपत्रांतील बातम्यांवरून सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या घटनेची दखल घेतली आणि राज्यांना अशा विनापरवाना गृहांचा शोध घेण्याचे आदेश दिले.

या घटनेतून दोन गोष्टी सिद्ध होतात. नोंदणीच्या कक्षेबाहेर असलेल्या संस्थेला मानक लागू असूनही ते तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून संस्था कोठे कोठे आहेत याची गणना करणे ही मानकांची पहिली पायरी होय. दुसरी गोष्ट अशी की, जी साखळी सुरक्षिततेचे साधन म्हणून घातली गेली होती, तीच मृत्यूचे कारण ठरली.

आगीसारखा प्रसंग अपवादात्मक असतो, एरवी बंधनाने इजा टळतेच, असा आक्षेप यावर घेता येईल. त्याचे उत्तर अमेरिकेतील अनुभवातून मिळते. तेथील परिचर्यागृहांत पट्टे व जाकिटे वापरून वृद्धांना खुर्चीस किंवा खाटेस बांधण्याची प्रथा १९८० च्या दशकात सर्रास होती. १९८६ साली तेथील वैद्यक संस्थेने परिचर्यागृहांच्या सुधारणेविषयी अहवाल दिला. त्यावर आधारलेला कायदा १९८७ साली झाला. शिस्तीसाठी किंवा सेवकवर्गाच्या सोयीसाठी बंधन घालता येणार नाही, हा रहिवाशाचा हक्क त्या कायद्याने मान्य केला. नव्या परिचारकास किमान ७५ तासांचे प्रशिक्षण आवश्यक ठरले. तपासणीची पद्धतही बदलली : निरीक्षकाने रहिवाशांच्या मुलाखती घेणे हा तिचा भाग झाला. पुढे १९९२ साली मेरी टिनेटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, बंधनात न ठेवलेल्या रहिवाशांपैकी ५ टक्के, तर बांधून ठेवलेल्यांपैकी १७ टक्के व्यक्तींना पडण्यामुळे गंभीर इजा झाली होती. अधिक दुर्बल व्यक्तींनाच बांधले जात असेल, ही शक्यता हिशेबात घेऊनही हा संबंध टिकून राहिला. त्याचे कारण शरीरशास्त्रास धरूनच आहे. बांधलेल्या माणसाचे स्नायू निकामी होत जातात, तोल जातो. आणि सुटण्याच्या धडपडीत तो अधिक वाईट रीतीने पडतो. कायद्यानंतरच्या दोन दशकांत अमेरिकेतील बंधनांचे प्रमाण झपाट्याने घटले.

भारतात २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात अंमलात आला. मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास त्याने मनाई केली आहे. तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा कोणताच मार्ग नसेल, तरच अन्य शारीरिक बंधनाची परवानगी आहे, तीही मानसोपचारतज्ज्ञाच्या अधिकाराने. याच कायद्याने स्वच्छ व सुरक्षित परिसर, खासगीपणा आणि सक्तीच्या मुंडनापासून संरक्षण यांबरोबरच स्वतःचे कपडे घालण्याचा हक्कही मान्य केला आहे. गॉफमन यांनी वर्णिलेल्या मानखंडनेची यादी आणि या कलमांची यादी शेजारी ठेवून वाचल्यास कायद्याचा रोख कोणत्या अनुभवाकडे आहे हे ध्यानात येते.

५. उघडे दार आणि बंद दार

रहिवाशाच्या इच्छेचा मान राखला म्हणजे सर्व काही साधले, असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही. स्कॉटलंडमधील एक घटना याविषयी सावध करते. ग्लासगोजवळील उडिंग्स्टन येथील रोझपार्क या वृद्धनिवासात ३१ जानेवारी २००४ रोजी पहाटे आग लागली आणि १४ वृद्धांचा मृत्यू झाला. आगीचा उगम मार्गिकेतील एका कपाटात होता. त्यात विजेच्या वितरणाचा फलक बसविलेला होता. धूर मार्गिकेतून पसरला. अनेक शयनकक्षांची दारे उघडी असल्याने तो आत शिरला. धोक्याची घंटा झाल्यावर रात्रपाळीच्या सेवकांचा वेळ आगीची जागा शोधण्यात गेला आणि अग्निशमन दलास वर्दी उशिरा मिळाली. न्यायालयीन चौकशीचा निर्णय २०११ साली जाहीर झाला. आगीच्या धोक्याचा पुरेसा व योग्य विचार आधी झाला असता, तर काही किंवा सर्व मृत्यू टळू शकले असते, असे त्यात नमूद आहे.

या घटनेतील धोका रहिवाशांना ठाऊक असणे शक्य नव्हते. कपाटातील तारेचे आवरण झिजले आहे की नाही, धूर किती वेळात मार्गिका व्यापील, चार-दोन सेवकांनी इतक्या वृद्धांना कसे हलवावे, हे प्रश्न तज्ज्ञाचे आहेत. रहिवाशांच्या मुलाखती कितीही मनःपूर्वक घेतल्या असत्या, तरी त्यांतून ही उत्तरे मिळाली नसती. येथे अभियंत्याची तपासणी, रात्रीच्या मनुष्यबळास धरून केलेली सुटकेची तालीम आणि घंटा होताच अग्निशमन दलास वर्दी देण्याचा निःसंदिग्ध नियम हीच मानके होत.

उघड्या दाराचा मुद्दा विशेष विचारार्ह आहे. अनेक वृद्धांना रात्री दार बंद केलेले आवडत नाही. बाहेरचा दिवा आणि पावलांचा आवाज त्यांना सोबतीसारखा वाटतो. अग्निशास्त्र मात्र दार बंद असावे असे सांगते. एरवी उघडे राहणारे, परंतु घंटा वाजताच आपोआप मिटणारे दार हा या पेचावरचा उपाय तंत्रज्ञानाने उपलब्ध करून दिला आहे. निगा आणि सुरक्षितता यांच्यातील पुष्कळसे विरोध असेच असतात. थोडा अधिक खर्च आणि थोडा अधिक विचार केल्यास ते मिटतात. ते मिटविण्याऐवजी रहिवाशाच्या स्वातंत्र्यावर किंवा त्याच्या जीवितावर पाणी सोडणे, हा सर्वांत स्वस्त मार्ग असतो एवढेच.

६. तपासणी कोणाला विचारते?

धोक्यांचा दुसरा वर्ग, म्हणजे केवळ रहिवाशालाच ठाऊक असलेले धोके, याचे अलीकडील ठळक उदाहरण बिहारमधील मुझफ्फरपूरचे होय. बिहार शासनाने राज्यातील निवासी संस्थांचे सामाजिक अंकेक्षण करण्याचे काम मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' या क्षेत्रप्रकल्पाकडे सोपविले होते. ११० संस्थांची पाहणी करून त्यांनी २०१८ साली अहवाल सादर केला. त्यांपैकी १७ संस्थांविषयी गंभीर चिंता व्यक्त केली. मुझफ्फरपूर येथील मुलींच्या निवासगृहात लैंगिक अत्याचार होत असल्याचे या अहवालामुळे उघड झाले. पुढे खटला दिल्लीस वर्ग झाला आणि जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरविले. दोषी ठरलेल्यांत जिल्ह्याच्या बालसंरक्षण यंत्रणेतील व्यक्तीही होत्या.

हे गृह एरवाडीच्या गृहासारखे कायद्याच्या कक्षेबाहेर नव्हते. त्यास शासनाचे अनुदान होते. २०१५ चा बालन्याय कायदा लागू होता. त्या कायद्यानुसार प्रत्येक बालसंस्थेची नोंदणी आवश्यक आहे. तपासणी समितीने किमान तीन महिन्यांतून एकदा भेट द्यावयाची असते आणि समितीत एक स्त्री व एक वैद्यकीय अधिकारी असणे बंधनकारक आहे. संस्थेत मुलांची समिती स्थापन करण्यास प्रभारी अधिकाऱ्याने साहाय्य करावे, असेही कलम त्यात आहे. म्हणजे कायद्यात तपासणीची योजना होती. अधिकाऱ्यांचे येणेजाणेही होते. फरक पडला तो भेटीस येणारा कोणाशी बोलतो यामुळे. अंकेक्षण करणारा गट संस्थेशी संबंध नसलेला होता आणि त्याने मुलींना बोलण्याची संधी दिली.

यातून तपासणीच्या तीन अटी स्पष्ट होतात. पहिली, निरीक्षक संस्थेपासून व तिला अनुदान देणाऱ्या यंत्रणेपासून स्वतंत्र असावा. दुसरी, रहिवाशाशी होणारे बोलणे संस्थेच्या माणसांच्या अनुपस्थितीत व्हावे. तिसरी, बोलणाऱ्यास नंतर त्याच छताखाली त्याच माणसांच्या स्वाधीन राहावे लागणार नाही, याची तजवीज बोलण्यापूर्वीच केलेली असावी. तिसरी अट पाळली नाही, तर पहिल्या दोन निरर्थक ठरतात. कारण भय असेल तेथे मौन हेच शहाणपणाचे असते.

परंतु ज्याला बोलताच येत नाही त्याचे काय? स्मृतिभ्रंश झालेला वृद्ध, वाचा नसलेले बालक किंवा तीव्र मतिमंदत्व असलेली व्यक्ती यांची साक्ष कशी घ्यावी? इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठात टॉम किटवुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर एक निरीक्षणपद्धती विकसित केली. निरीक्षक सार्वजनिक दालनात काही तास बसतो आणि दर पाच मिनिटांनी प्रत्येक रहिवासी काय करीत आहे, त्याची मनःस्थिती कशी दिसते, त्याच्याशी कोण व कोणत्या रीतीने बोलले, हे नोंदवितो. हाक मारूनही कोणी लक्ष देत नाही, न विचारता खुर्ची ओढली जाते, समोर उभे राहूनच घास भरविला जातो, अशा बारीकसारीक गोष्टी या नोंदीत येतात. शब्द नसले तरी चेहरा, हालचाल आणि देह हे साक्ष देतात, असे या पद्धतीचे गृहीतक आहे. शय्याव्रण किंवा घटलेले वजन ही अशाच साक्षीची अधिक उघड रूपे होत.

७. महाराष्ट्राच्या संदर्भात

या विषयाचा विचार करताना महाराष्ट्रात प्रथम एक पारिभाषिक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. अमेरिकेत 'नर्सिंग होम' म्हणजे दुर्बल वृद्धांचे दीर्घकालीन निवासगृह. आपल्याकडे त्याच शब्दाने खासगी रुग्णालय किंवा प्रसूतिगृह समजले जाते, आणि मुंबई राज्यात १९४९ साली झालेला नर्सिंग होम नोंदणी कायदा अशा रुग्णालयांसाठीच वापरला जातो. त्या कायद्यावरून वृद्धाश्रमांची मानके ठरली आहेत, असा समज करून घेणे चुकीचे होईल.

वृद्धांच्या निवासासंबंधीची तरतूद २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणविषयक कायद्यात आहे. महाराष्ट्राने त्याखालील नियम २०१० साली केले. प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांचे एक गृह टप्प्याटप्प्याने उभारावे आणि गृहांच्या व्यवस्थापनाची मानके राज्याने विहित करावीत, असे त्या कायद्याच्या १९ व्या कलमात सुचविले आहे. मात्र कलमाची भाषा राज्यास मुभा देणारी आहे, बंधन घालणारी नाही. खासगी गृहांची नोंदणी व किमान मानके यांची तरतूद करणारे दुरुस्ती विधेयक २०१९ साली लोकसभेत मांडले गेले. परंतु ते संमत न होताच २०२४ साली त्या लोकसभेची मुदत संपली. बालकांच्या व मनोरुग्णांच्या संस्थांना जी नोंदणी केंद्रीय कायद्याने अनिवार्य केली, ती वृद्धांच्या खासगी गृहांस त्याच स्वरूपात लागू झालेली नाही. कुटुंबे लहान होत असता आणि मुले परगावी किंवा परदेशी असता अशा गृहांची गरज वाढत जाणार हे उघड आहे. म्हणून ही उणीव दुर्लक्षिण्याजोगी नाही.

रहिवाशाच्या दृष्टीने सुरक्षिततेचा विचार करण्याची परंपरा महाराष्ट्रास नवी नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. गुप्तपणे व सुरक्षितपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे की तेथेच ठेवावे हे स्वतःच्या इच्छेने ठरवावे, असे आवाहन त्यांनी थेट विधवा स्त्रियांनाच केले होते. त्या स्त्रीला खरा धोका कशाचा आहे, हे तिच्या जागी उभे राहून ओळखल्यावाचून गुप्तता ही त्या गृहाची पहिली अट झाली नसती. छप्पर आणि सुईण यांची तजवीज त्यानंतरची होती.

८. उपसंहार

वरील विवेचनाचे तात्पर्य असे. इमारत, मनुष्यबळ आणि साधने यांविषयीची मानके अपरिहार्य आहेत. त्यांच्या अभावी होणारी हानी रोझपार्कमध्ये दिसली. परंतु ती पुरेशी नाहीत. नोंदणी अनिवार्य असावी, तज्ज्ञांची तपासणी रात्रीच्या परिस्थितीस धरून व्हावी आणि रहिवाशाचे म्हणणे हे तक्रारपेटीतील चिठ्ठी म्हणून नव्हे, तर तपासणीतील पुरावा म्हणून घेतले जावे, या तीन गोष्टी एकत्र आल्यासच मानकाला अर्थ प्राप्त होतो.

सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांना येथे कार्यक्षेत्र मोठे आहे. महाराष्ट्रातील निवासी संस्थांची जिल्हावार गणना, रात्रपाळीतील सेवकांची संख्या व त्यांचे प्रशिक्षण, मराठीतून व बोलीभाषांतून रहिवाशांच्या मुलाखती घेण्याची योग्य पद्धती आणि न बोलणाऱ्या रहिवाशांच्या निरीक्षणाची आपल्या परिस्थितीस अनुरूप अशी रीत, हे चारही विषय स्वतंत्र संशोधनाची अपेक्षा करतात. टाउनसेंड यांनी १७३ संस्थांची दारे ठोठावली, तेव्हा त्यांच्या हाती कोणताही विशेष अधिकार नव्हता. 'कोशिश'च्या गटाकडेही शासनाने दिलेल्या प्रवेशाखेरीज दुसरे बळ नव्हते. आत राहणाऱ्याला विचारणे आणि तो जे सांगेल ते लिहून घेणे, एवढेच त्यांनी केले. विद्यापीठांच्या आवाक्यात असलेले हे काम आहे. आणि ज्या संस्थांकडे अद्याप कोणीच फिरकलेले नाही, त्यांच्यापासून त्याचा प्रारंभ होणे इष्ट आहे.